मुलाने किंवा मुलीने बोलणं तोडलं असेल तर: आई-वडिलांसाठी कामाच्या गोष्टी

फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक येते, दिवाळीला आला नाही, सुनेनेही नंबर ब्लॉक केला. अशा वेळी पहिले काही दिवस बहुतेक आई-वडील दोनच गोष्टी करतात. एक तर दिवसाला दहा-दहा फोन, नाहीतर "आमच्यासाठी तो मेला" अशी घोषणा. या दोन्हींनी दार आणखी घट्ट लागतं. खाली जे सांगितलं आहे त्याचा गाभा एवढाच: मुलासाठी दार कायम किलकिलं ठेवायचं, पण स्वतःच्या पैशांची, दवाखान्याची, घराची आणि कागदपत्रांची व्यवस्था तो येणारच नाही असं धरून लावायची. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात.

आधी हे तोडणंच आहे ना, ते बघा

नवी नोकरी, लहान बाळ, परदेशातला वेळेचा फरक, नैराश्य यांमुळेही फोन कमी होतात. महिन्यातून एकदा का होईना, पण स्वतःहून फोन येत असेल तर ते तोडणं नव्हे, अंतर आहे. त्यावर उपाय म्हणजे तक्रार बंद करून आहे तो फोन हलका करणं. "आठवण आली वाटतं आमची" या एका वाक्याने पुढचा फोन आणखी पंधरा दिवस लांबतो.

मुलगा आई-वडिलांशीच नव्हे तर मित्र, भावंडं, ऑफिस असा कोणाशीच बोलत नसेल, तर ते भांडण नसून आजारपण किंवा संकट असू शकतं. मग वाट बघू नका. त्याच्या मित्राला किंवा घरमालकाला एकदा विचारा. परदेशात असेल आणि कुठूनच ठावठिकाणा लागत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मात्र तो सुखरूप आहे, फक्त आपल्याशी बोलत नाही, हे माहीत असताना पोलिसांत 'बेपत्ता' म्हणून तक्रार देऊ नका. सज्ञान माणूस सापडला की पोलीस त्याचा जबाब घेतात. घरी जायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आणि पोलीस चौकीत बसून जबाब द्यावा लागला, ही गोष्ट तो वर्षानुवर्षं विसरत नाही.

पहिले सहा आठवडे: एक निरोप, मग शांतता

एकच निरोप पाठवा. लहान, मागणी नसलेला. उदाहरणार्थ:

"अभि, तुला सध्या आमच्याशी बोलायचं नाही हे समजलं. मी फोन करणार नाही. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे. आई."

यात 'का' नाही, 'कधी' नाही, रडणं नाही. हा निरोप पाठवला की सहा आठवडे खरंच थांबायचं. कारण बहुतेक मुलांची तक्रार असते ती "माझं ऐकूनच घेत नाहीत" ही. नको म्हटल्यावर तुम्ही थांबलात, तर त्या तक्रारीला तुमच्या वागण्यातून मिळालेलं हे पहिलं उत्तर असतं. उलट, नको म्हटल्यावर केलेला प्रत्येक फोन त्याचं म्हणणं खरं ठरवतो.

या काळात हमखास होणाऱ्या चुका अशा: शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन लावणं, ऑफिसच्या रिसेप्शनला जाऊन बसणं, व्याह्यांना फोन करून "तुमच्या मुलीला समजवा" म्हणणं, कुटुंबाच्या ग्रुपवर आई-बापाच्या उपकारांचे सुविचार टाकणं, स्टेटसला अशा ओळी ठेवणं की ज्या फक्त एकालाच उद्देशून आहेत हे सगळ्या गावाला कळतं. या शेवटच्या प्रकाराबद्दल आई-वडिलांना वाटतं की त्याला लागेल आणि तो फोन करेल. त्याला लागतं, पण तो फोन न करता स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

आजारपणाचं खोटं कारण तर कधीच नको. "बाबांना अ‍ॅडमिट केलंय" असं खोटं सांगून एकदा बोलावता येतं. खरंच अ‍ॅडमिट केल्यावर मग कोणी विश्वास ठेवत नाही. खरं आजारपण असेल तर कळवायलाच हवं, पण फक्त माहिती द्या: "बाबांची काल अँजिओप्लास्टी झाली. आयसीयूत आहेत, डॉक्टर म्हणतात धोका टळला. तुला माहीत असावं म्हणून कळवतेय." येतोस का, असं विचारू नका. यायचं असेल तर तो येईल. नाही आला, तर विचारून नकार ऐकण्याचं दुःख तरी वाढत नाही.

कारण शोधताना

शांततेचा काळ रिकामा घालवू नका. एक वही घ्या. शेवटची तीन मोठी भांडणं आठवा आणि प्रत्येक भांडण मुलाच्या तोंडून, 'मी' म्हणून लिहा. म्हणजे "मी माझ्या पगारातून कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले की आमच्यामुळे झालं." असं लिहायला फार जड जातं, आणि म्हणूनच ते करायचं. लिहिताना 'पण' आलं की ते वाक्य खोडा.

मराठी घरांमध्ये तुटण्याची कारणं तीच तीच दिसतात. जातीबाहेरच्या लग्नाला विरोध. लग्नातला मानपान आणि त्यावरून सुनेला किंवा जावयाला वर्षानुवर्षं मारलेले टोमणे. दोन भावांतला पैशाचा किंवा शिक्षणाचा फरक. बहिणीकडून घेतलेलं हक्कसोडपत्र. बाळंतपणात झालेली हेळसांड. लहानपणीचा मार. घरातलंच कोणी केलेलं लैंगिक शोषण, जे सांगूनही दाबलं गेलं. मुलाने आपण समलिंगी असल्याचं सांगितल्यावर त्याला डॉक्टर, बाबा, ज्योतिषी करत फिरवणं. आई-वडिलांना शेवटचं भांडण आठवतं, मुलांना त्याआधीची पंधरा वर्षं. "एवढ्याशा गोष्टीवरून तोडलं" असं तुम्हाला वाटत असेल तर ती एवढीशी गोष्ट बहुधा शेवटची होती, एकमेव नव्हती.

"सुनेने फितवलं" या कारणाकडे जरा संशयाने बघा. कधीकधी ते खरं असतं. जोडीदार दुसऱ्याला माहेर-सासर सगळ्यांपासून तोडतो तेव्हा तो छळच असतो, आणि मग मुलाला "तुला कधी लागलं तर इथे जागा आहे" एवढंच कळवून ठेवायचं. पण बऱ्याच घरांत जे मुलगा स्वतः कधी बोलू शकला नाही ते सून बोलते, आणि राग तिच्यावर निघतो. तिच्याविरुद्ध मुलाला लिहिलेलं प्रत्येक वाक्य ती वाचते असं धरूनच चाला.

आणि प्रत्येक वेळी चूक आई-वडिलांचीच असते असंही नाही. व्यसन, जुगार, कर्ज, "फ्लॅट नावावर करा नाहीतर नातवाला भेटू देणार नाही" ही धमकी, अंगावर हात टाकणं: इथे माफीपत्राचा उपयोग नाही, रेघ आखावी लागते. "पैसे देणार नाही. उपचाराला तयार असलास तर हॉस्पिटलचं बिल थेट हॉस्पिटलला भरीन." हे एकदा सांगा आणि पाळा. तिसऱ्या फोनला विरघळून पाच हजार दिले, तर तो तीन फोन करायला शिकतो. हात उचलला तर 112 ला फोन करा. घरातली भांडणं घरात ठेवायची सवय इथे जिवावर बेतते.

पत्र

चूक तुमच्या बाजूची आहे असं वहीतून दिसलं, तर एक पत्र लिहा. बोलणं परत सुरू होण्याची शक्यता असलेली ही एकच मोठी गोष्ट तुमच्या हातात असते, आणि बहुतेक पत्रं एका वाक्यावर अडून पडतात: "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." या 'असेल तर'मधून मुलाला एवढंच ऐकू येतं की काय चुकलं ते तुम्हाला अजून माहीत नाही, किंवा माहीत असून कबूल नाही.

पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा. चूक तिच्या नावाने लिहा: काय केलं, केव्हा, कोणासमोर. त्याचा मुलीवर किंवा मुलावर काय परिणाम झाला ते एका वाक्यात. स्वतःची बाजू शून्य. नमुना म्हणून हे बघा:

"मधुरा, 2019 साली तू रोहितबद्दल घरी सांगितलंस तेव्हा मी त्याच्या जातीवरून जे बोललो ते चुकीचं होतं. त्यानंतर तुझा फोन तपासणं, तुला एकटीला बाहेर जाऊ न देणं हेही चुकीचं होतं. तुझ्या लग्नाला मी आलो नाही आणि आईलाही येऊ दिलं नाही. त्या दिवशी तुझ्या बाजूला घरचं कोणी नव्हतं, ते माझ्यामुळे. मला तेव्हा काय वाटत होतं हे समजावायला मी लिहीत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कधी बोलावंसं वाटलं, रागावून बोलायचं असलं तरी, मी मधे न बोलता ऐकेन. बाबा."

काय नाही ते बघा. शिक्षणाचा खर्च नाही. "आईची तब्येत खालावली" नाही. "तुझ्या भावाने कधी असं केलं नाही" नाही. "आता आमचे किती दिवस उरलेत" नाही. या चारांपैकी एक जरी वाक्य आलं तरी पत्र माफीचं न राहता वसुलीचं होतं. "त्या काळी सगळेच मारायचे" हेही नको; खरं असलं तरी ते पत्रात लिहायचं खरं नाही.

लिहून झालं की तीन दिवस ठेवा, मग परत वाचा. घराबाहेरच्या एका माणसाला दाखवा. जोडीदाराला दाखवलंत तर दोघं मिळून त्यात आणखी दोन तक्रारी घालाल. पाठवताना ईमेल किंवा साधं टपाल चालतं. सही घेऊन द्यायचं टपाल नको, वकिलाच्या नोटिशीसारखं दिसतं. पत्र आई आणि बाबांनी वेगवेगळं लिहावं, कारण चुका वेगवेगळ्या असतात आणि राग बहुधा एकावर जास्त असतो.

मग उत्तर आलं नाही, तर विचारायचं नाही. "पत्र मिळालं का?" या प्रश्नाने अर्धं पत्र पुसलं जातं. रागाचं उत्तर आलं, चार पानांचं, तर ते चांगलं लक्षण समजा. ज्याला काहीच नको असतं तो चार पानं लिहीत नाही. त्यातल्या तपशिलाच्या चुका दुरुस्त करू नका, मग तारीख चुकीची असो की प्रसंग तिसऱ्याचाच असो. उत्तर दोन ओळींचं द्या: "वाचलं. त्यातलं बरंच मला माहीत नव्हतं. परत वाचणार आहे." आणि खरंच परत वाचा.

दोघांपैकी एकाशीच तोडलं असेल तेव्हा

हे फार घडतं. मुलगी आईशी बोलते, बाबांशी नाही. इथे घरोघरी चुकीचा निर्णय घेतला जातो: "बोलायचं तर दोघांशी बोल." अशाने उरलेला धागाही तुटतो. आईने बोलत राहावं, भेटावं. बाबांनी "काय म्हणाली?" विचारू नये, आणि आईने फोन स्पीकरवर ठेवू नये. दोन-तीन वर्षांनी बाबांबद्दल पहिला प्रश्न त्याच फोनवर येतो, आला तर.

भावंडांचंही तसंच. जो मुलगा तुमच्याशी बोलतो त्याला पोस्टमन करू नका. त्याला सारखं विचारलं, निरोप दिले, की दोघांमधलं नातंही आंबतं आणि शेवटी तोही कमी बोलायला लागतो. आत्या, मामा, मावशी मध्यस्थी करतो म्हणतात तेव्हा नम्रपणे नको म्हणा. मध्यस्थ हवाच असेल तर तो मुलाने मानलेला हवा, एकच हवा, आणि त्याने न्यायनिवाडा न करता फक्त "भेटायला तयार आहेत, तू?" एवढंच विचारावं.

वर्षभराचं वेळापत्रक

सहा आठवड्यांनंतर संपर्क ठेवायचा तो मोजका. वर्षाला तीन-चार निरोप पुरे: वाढदिवस, दिवाळी, पाडवा, नातवंड असेल तर त्याचा वाढदिवस. प्रत्येक निरोप एक-दोन ओळींचा, प्रश्नचिन्ह नसलेला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. यंदा परसातल्या आंब्याला पहिल्यांदा मोहर आला." इतकं साधं. रोजचा 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटो नको. ब्लॉक असेल तर ईमेल किंवा पोस्टकार्ड. मुलाने "काहीच पाठवू नका" असं स्पष्ट लिहिलं असेल तर तेही पाळा.

भेटवस्तू लहान आणि परत न करावी लागेल अशी द्या. सोन्याचं काही, खात्यात पैसे, नातवाच्या नावाने मोठी ठेव यांतून उपकाराचा वास येतो. पाठवता येत नसेल तर नातवंडासाठी एका डब्यात पुस्तकं, चिठ्ठ्या, जुने फोटो तारखा घालून साठवा. नातवंडाच्या भेटीसाठी कोर्टात जायचा सल्ला कोणी देईल. आजी-आजोबांना असा अर्ज करता येतो, पण कोर्ट नातवंडाचं हित बघतं, आजी-आजोबांचा आपोआप असा हक्क नाही, आणि तुमच्या मुलाशी असलेलं दार त्या दिवशी बंद होतं. मुलाचा मृत्यू झाला असेल किंवा घटस्फोटात नातवंड दुसरीकडे गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकिलाशी जरूर बोला.

लोकांना काय सांगायचं

हास्यक्लबात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत प्रश्न येणारच. उत्तर आधी पाठ करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी एक तर रडू येतं किंवा खोटं सुटतं. "बरा आहे, त्याच्या कामात असतो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं?" बहुतेकांना एवढं पुरतं, माणूस स्वतःच्या गुडघ्याबद्दल आनंदाने बोलतो. खोदून विचारणाऱ्याला: "सध्या बोलणं नाही. त्यावर बोलावंसं वाटत नाही." खरी हकीकत दोन-तीन माणसांनाच सांगा, आणि ती अशी निवडा की त्यांच्याकडून मुलापर्यंत गोष्ट जाणार नाही.

गौरीचं जेवण, लक्ष्मीपूजन, भाऊबीज हे दिवस आदल्या आठवड्यातच ठरवून टाका: कोणाकडे जायचं, कोणाला बोलवायचं, काय रांधायचं. गणपती दीड दिवसाचा केला, फराळ निम्मा केला, तर काही बिघडत नाही. त्याचं ताट मांडून ठेवायची प्रथा काही घरांत सुरू होते. ती करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते ताट घरातल्या बाकीच्यांना जेवू देत नाही.

मन आणि शरीर

मेलेल्या माणसाचं सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, लोक भेटायला येतात. जिवंत मुलाने तोडलं तर काहीच नसतं, म्हणून हे दुःख संपत नाही. अमेरिकी कुटुंब-समुपदेशक आणि संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970च्या दशकापासून अशा अधांतरी दुःखावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की इथे शेवट शोधू नये, 'तो आहे' आणि 'तो नाही' ही दोन्ही वाक्यं एकत्र धरून जगायला शिकावं. वापरात आणायचं तर: दिवसातली वीस मिनिटं या विषयाला ठरवून द्या, शक्यतो संध्याकाळी, जोडीदारासोबत. बाकी वेळी विषय निघाला तर "संध्याकाळी बोलू". याने विषय दिवसभर पसरत नाही आणि "तुझ्या लाडाने बिघडला", "तुमच्या रागाने गेला" ही नवरा-बायकोंची जुगलबंदी आटोक्यात राहते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप पहाटे तीनला मोडत असेल, जेवण जात नसेल, रोजची औषधं चुकत असतील, संध्याकाळचा एक पेग तीनवर गेला असेल, तर फॅमिली डॉक्टरांना खरं कारण सांगून दाखवा. नुसतं "झोप येत नाही" सांगितलं तर झोपेची गोळी मिळते. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर आजच लावा. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालते; तिथे कायदा, पेन्शन, छळ यांबद्दलही मार्गदर्शन मिळतं. समुपदेशकाकडे जाताना "मुलाला कसं परत आणू" हा प्रश्न न नेता "मी कसं राहू" हा न्या. पहिल्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं.

व्यवस्था: तो येणार नाही असं धरून

पंधरा मिनिटांत पोहोचू शकतील अशी दोन माणसं ठरवा. त्यांच्याकडे घराची किल्ली, औषधांची यादी, रक्तगट, विम्याच्या कार्डाची प्रत हवी. फोनमध्ये आपत्कालीन संपर्क म्हणून अजून मुलाचाच नंबर असतो, तो बदला. अपघातात तोच नंबर लावला जातो आणि तिथे ब्लॉक असतो. शुद्धीवर असलेला सज्ञान रुग्ण स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकतो, तरी हॉस्पिटल जबाबदार माणसाची सही मागतं, म्हणून या दोघांपैकी एकाला आधीच विचारून ठेवा. वय 70 पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत आधारवरून वय वंदना कार्ड काढता येतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आजारी पडायच्या आधी काढा.

बरं होण्याची शक्यता नसताना व्हेंटिलेटरवर ठेवू नये अशी इच्छा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिलेलं आणि 2023 मध्ये सोपं केलेलं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा तेही त्यात लिहिता येतं. मूल दूर असलेल्यांनी हे करावंच, नाहीतर शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटल त्याच मुलाला शोधतं.

मालमत्तेबाबत पहिलं वर्ष काहीही करू नका. रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र बदलता येतं, पण आशेच्या भरात केलेलं बक्षीसपत्र परत घेणं फार कठीण. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून "नावावर केलं की येईल" या आशेने पुष्कळ जण ते करून बसतात. करायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तातच लिहा. 2007च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट नसेल तर अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अटीची गरज स्पष्ट केली आणि 2025 मध्ये कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं, पण त्या उदारपणावर विसंबून दस्त करू नये.

वर्तमानपत्रात "आमचा मुलाशी संबंध नाही" अशी जाहीर नोटीस देऊन वारसाहक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी पहिल्या वर्गाचे वारस असतात, बोलत असोत वा नसोत. स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि वाद होईल असं वाटत असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं शुद्धीचं प्रमाणपत्र जोडा. मुलाला काही द्यायचं नसेल तर तसं एका वाक्यात लिहा, शिव्या लिहू नका. गोव्यात नियम वेगळा आहे: मुलांचा निम्म्या मालमत्तेवर राखीव हक्क असतो, उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र आपल्या मर्जीने करता येतं. इतर धर्मीयांनी आपापल्या कायद्याप्रमाणे वकिलाला विचारावं.

बँक, म्युच्युअल फंड, पेन्शन, सोसायटी सगळीकडचं नामनिर्देशन तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीत तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरा असला तर पुढच्यांना कोर्टाच्या फेऱ्या पडतात.

पैशांची खरीच अडचण असेल तर वर सांगितलेल्या 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. आई-वडिलांना वयाची अट नाही. साध्या कागदावर उत्पन्न, खर्च, मुलांची नावं-पत्ते लिहून अर्ज होतो. कायद्यात निर्वाहाची मर्यादा महिना 10,000 रुपये आहे आणि नोटिशीनंतर 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून पासबुक, औषधांची बिलं, घराचे कागद पहिल्याच दिवशी जोडा. आदेश पैसे मिळवून देतो, बोलणं नाही. त्यामुळे नुसतं धडा शिकवायला हा मार्ग वापरू नये. पण घरातून काढताहेत, मारहाण होतेय, खायला देत नाहीत, तिथे 'नातं बिघडेल' म्हणून थांबू नका. न्यायाधिकरण गरज पडल्यास घर रिकामं करण्याचाही आदेश देऊ शकतं. सून त्याच घरात राहत असेल तर तिचा कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला निवासाचा हक्कही तपासला जातो, हे लक्षात ठेवून अर्ज लिहा.

फोन आलाच तर

पहिला फोन बहुधा भलत्याच कारणाने येतो: जन्मदाखला हवाय, कोणी वारलंय, बाळ झालंय. त्या कारणापुरतंच बोला. "इतक्या दिवसांनी?" नको.

पहिली भेट घरी नको. हॉटेलात किंवा बागेत, तासाभराची, जेवणाची पंगत नाही आणि बाकी नातेवाईक नाहीत. जुना विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका, पाणी प्या, उत्तर नंतर द्या. सुनेशी किंवा जावयाशी नावाने, साधं बोला. नातवंडाला उचलून घ्यायच्या आधी विचारा. त्याच्यासाठी तुम्ही अनोळखी आहात.

दुसऱ्यांदा तुटतं ते पुढच्या चार-आठ दिवसांत. भेटीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, आत्याचा अभिनंदनाचा फोन मुलाला जातो, दुसऱ्या दिवशी तुमचे पाच मेसेज, आठवड्याने "गणपतीला घरी या". फोटो काढू नका. घरी आल्यावर एकच ओळ पाठवा, "भेटून बरं वाटलं", आणि पुढची भेट त्याला ठरवू द्या, तीन महिने लागले तरी. त्या तीन महिन्यांत मृत्युपत्र, नॉमिनी, आपत्कालीन नंबर यांपैकी काहीही परत बदलायची घाई करू नका. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे आहे त्यांच्याकडेच राहू द्या.